सिझरनंतर टाके पिकू नयेत म्हणून: ओटीतल्या सुईपासून घरच्या न्हाणीपर्यंत

सिझर होऊन बाळंतीण घरी येते तेव्हा बाळाच्या दुपट्यांबरोबर औषधांची एक पिशवीही येते. घरची मंडळी त्या पिशवीवर फार विसंबतात. एवढ्या गोळ्या लिहून दिल्यात, आता टाके पिकायचे नाहीत, असा त्यांचा हिशोब. पण टाके पिकू नयेत म्हणून अँटिबायोटिकचा जो डोस सगळ्यांत मोलाचा, तो या पिशवीत नसतोच. तो पोटावर चीर पडण्याआधी, ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, शिरेतून देऊन झालेला असतो. निदान झालेला असायला हवा. म्हणून इथे पिशवीपेक्षा त्या सुईबद्दल जास्त लिहितो आहे, आणि मग गोळ्यांच्या हातात नसलेल्या घरच्या कामांबद्दल.

गोव्यात हा विषय घरोघरचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या शंभरापैकी जवळपास चाळीस बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. देशात हेच प्रमाण शंभरात एकवीस-बावीस होतं. नैसर्गिक बाळंतपणाच्या तुलनेत सिझरमध्ये जंतुसंसर्गाचा धोका पाच ते वीस पट मानला जातो. जंतू बाहेरून उडत येतात असं नाही. बहुतेक वेळा ते बाईच्या स्वतःच्या कातडीवरचे आणि योनीमार्गातले असतात, एरवी निरुपद्रवी. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, की खालचे जंतू गर्भाशयाकडे चढू लागतात. त्यात पोटाची आणि गर्भाशयाची चीर म्हणजे त्यांना दोन नवी दारं. संसर्ग मुख्यतः तीन ठिकाणी होतो: वरच्या जखमेत, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात आणि लघवीच्या मार्गात.

सिझरची तारीख ठरली की

आधी रक्त आणि साखर. हिमोग्लोबिन कमी असेल तर जखम भरायला उशीर लागतो आणि जंतूंशी झुंजायची ताकद कमी पडते. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून आणून कपाटात ठेवलेल्या घरांची संख्या कमी नाही. त्या पोटात जायला हव्यात. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर ती शेवटच्या आठवड्यांत ताब्यात असणं टाके भरण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. लघवीची जळजळ असेल तर आधीच तपासून घ्या. जांघेत किंवा ओटीपोटाच्या वळीत खाज, लाल चट्टे, गजकर्ण असेल तर लाजून गप्प राहू नका. आपल्या दमट हवेत ते फार जणींना होतं, आणि चीर नेमकी त्याच भागात असते.

दुसरी गोष्ट ॲलर्जी. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असं पुष्कळ जणी सांगतात, पण काय झालं होतं विचारलं तर आठवत नाही. नुसती उलटी किंवा जुलाब झाले असतील तर ती बहुधा ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास कोंडला, तर ती खरी आणि गंभीर. हा फरक महत्त्वाचा आहे. गंभीर ॲलर्जी असलेल्या बाईला नेहमीच्या सेफाझोलिन या अँटिबायोटिकऐवजी क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन अशी जोडी दिली जाते. ती चालते, पण पहिली पसंती ती नव्हे. आईला विचारा, जुने कागद शोधा, कोणत्या औषधाने नेमकं काय झालं ते तपासणीच्या कार्डावर लिहून घ्या. ओटीच्या दारात घाईच्या वेळी हे आठवत बसायला कुणालाच सवड नसते.

तिसरी गोष्ट केस. दाखल होण्याच्या आदल्या रात्री घरी ब्लेडने खालचे केस काढू नका. ब्लेडने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. केस चिरेच्या आड येत असतील तर इस्पितळात क्लिपरने कापतात. येत नसतील तर काढायची गरजच नाही. कुणी सासू, जाऊ, शेजारीण ‘स्वच्छ होऊन जा गं’ म्हणाली तर साबण लावून आंघोळ करा, आदल्या संध्याकाळी आणि सकाळीही. तेवढी स्वच्छता पुरते.

अचानक न्यावं लागलं तर

ठरवून होणाऱ्या सिझरपेक्षा कळा देऊन देऊन शेवटी होणाऱ्या सिझरमध्ये संसर्गाचा धोका जास्त. त्यामुळे दोन वेळा लक्षात ठेवा: कळा कधी सुरू झाल्या आणि पाणी किती वाजता गेलं. पाण्याला रंग किंवा वास होता का, तेही. सोबतच्या माणसाने मोबाईलमध्ये लिहून ठेवलं तरी चालेल. यावरूनच डॉक्टर ठरवतात की एका औषधावर भागेल की दोन लागतील.

काणकोण, सांगे, वाळपई, पेडणे अशा लांबच्या भागांतून मडगावच्या हॉस्पिसियोत किंवा म्हापशाच्या आझिलोत, या जिल्हा इस्पितळांत, किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवतात तेव्हा १०८ रुग्णवाहिकेत बसण्याआधी पाठवणीचा कागद वाचून घ्या. त्यावर कोणतं इंजेक्शन, किती वाजता दिलं, हे असायलाच हवं. नसेल तर तिथल्या सिस्टरला लिहून द्यायला सांगा. पुढच्या इस्पितळात तेच औषध पुन्हा पडू नये, किंवा ‘तिकडे दिलं असेल’ या समजुतीत द्यायचं राहून जाऊ नये, म्हणून हा आटापिटा. दुसरी शक्यता जास्त वाईट.

ओटीत नेमकं काय व्हायला हवं

आता मुख्य भाग. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: ठरवून असो की तातडीचं, प्रत्येक सिझरच्या वेळी चीर देण्याआधी बचावासाठी अँटिबायोटिकचा डोस द्यावा. चीर देण्याच्या आधीचा तास, त्यातही शेवटचा अर्धा ते एक तास, ही त्याची वेळ. कारण सोपं आहे. सुरी कातडीला लागते त्या क्षणी औषध रक्तातून स्नायूंत, चरबीत, गर्भाशयात पोचलेलं हवं. जंतू आत शिरतील तेव्हा औषध आधीच तिथे हजर असलं पाहिजे. तीन तासांनी वॉर्डमध्ये दिलेल्या सुईला ही वेळ गाठता येत नाही.

पूर्वी हा डोस बाळाची नाळ चिमट्यात घेतल्यावर देत असत. औषध नाळेतून बाळापर्यंत जाईल, बाळात संसर्ग असला तर तो झाकला जाईल, अशी भीती होती. मग दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. आधी दिल्याने आईचे संसर्ग कमी झाले आणि बाळांना त्याचा तोटा दिसला नाही. गेल्या पंधराएक वर्षांत जगभरच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या त्या यामुळे. तरी नाळ कापल्यावरच सुई देण्याची जुनी सवय एखाद्या ठिकाणी टिकून असू शकते. म्हणून विचारणं गैर नाही.

कोणतं औषध? बहुतेक ठिकाणी पहिली निवड सेफाझोलिन, सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकच्या गटातलं पहिल्या पिढीचं औषध. साधारण २ ग्रॅम शिरेतून. वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ३ ग्रॅम. ॲम्पिसिलिनही चालतं. अधिक महागडं, अधिक ‘स्ट्राँग’ औषध दिलं म्हणजे अधिक राखण झाली असं नाही. सेफ्ट्रिआक्झोनसारखी तिसऱ्या पिढीची औषधं या कामासाठी सरस ठरलेली नाहीत, आणि ती उगाच वापरली की चिवट जंतू तयार होतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक सावधगिरी आहे: चिरेआधी को-ॲमॉक्सिक्लॅव्ह देऊ नये, कारण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत आतड्याच्या एका गंभीर आजाराशी त्याचा संबंध एका मोठ्या अभ्यासात दिसला होता.

कळा सुरू असतील किंवा पाणी गेलेलं असेल तर सेफाझोलिनसोबत ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम सलाईनमधून देण्याचा फायदा होतो. अमेरिकेत दोन हजारांवर बायकांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जास्तीचं औषध मिळालेल्या गटात संसर्ग सुमारे १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. निम्म्याने घट म्हणजे थोडीथोडकी नव्हे. ठरवून केलेल्या, कळा नसलेल्या सिझरला मात्र ते लागत नाही.

ऑपरेशन चार तासांहून लांबलं, किंवा रक्तस्राव दीड लिटरच्या वर गेला, तर सेफाझोलिनचा डोस पुन्हा द्यावा लागतो. ते भूलतज्ज्ञ बघतात, तुमचं काम नाही.

औषधाइतकंच वजन आणखी दोन गोष्टींना आहे. अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या क्लोरहेक्सिडिनने पोट पुसणं आणि ते पूर्ण वाळू देणं ही एक. चिरेआधी योनीमार्ग पोव्हिडोन आयोडीनने साफ करणं ही दुसरी. दुसरी शिफारसही जागतिक आरोग्य संघटनेचीच आहे, आणि कळा-पाणी झालेल्या बायकांना तिचा फायदा जास्त.

हे विचारायचं कसं? डॉक्टरांना शिकवायला आल्यासारखं नको. भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा नवऱ्याने किंवा आईने एवढं म्हटलं तरी पुरे: ‘डॉक्टर, चिरण्याआधीचं अँटिबायोटिक इथेच देणार ना? तिला अमुक औषधाने गांधी उठल्या होत्या, कार्डावर लिहिलंय.’ दोन वाक्यांत ॲलर्जीही सांगून होते आणि आठवणही.

मग पाच दिवसांच्या गोळ्या कशाला?

बचावासाठी एक डोस पुरतो. ऑपरेशन निर्वेध झालं, ताप नाही, तर पुढचे पाच-सात दिवस इंजेक्शनं आणि गोळ्या चालू ठेवल्याने संसर्ग आणखी कमी होतो असा पुरावा नाही. तरी आपल्याकडे गोळ्या लिहून देण्याचा रिवाज जबरदस्त आहे, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. डॉक्टरांना सगळा दोष देणं मला पटत नाही. वॉर्डातली गर्दी, बाईच्या घरची परिस्थिती ठाऊक नसणं, आणि टाके पिकलेच तर ‘गोळ्यासुद्धा दिल्या नाहीत’ म्हणणारे नातेवाईक, हे सगळं त्यांच्यासमोर असतं. गोळ्यांशिवाय घरी पाठवलं तर समाधान न होणारे आपणच असतो.

काही जणींना मात्र गोळ्या-इंजेक्शनं खरोखर पुढे लागतात. कळांमध्येच ताप आला, बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीतच संसर्ग झाला होता, जखमेत किंवा गर्भाशयात संसर्ग सुरू झाला, तर तो बचाव राहत नाही, तो उपचार होतो आणि पूर्ण करावाच लागतो. वजन खूप जास्त असलेल्या बायकांना काही डॉक्टर पुढचे दोन दिवस औषध देतात, त्यालाही आधार आहे. म्हणून घरी सोडताना एकच प्रश्न विचारा: ‘ह्या गोळ्या संसर्ग होऊ नये म्हणून आहेत की झालाय म्हणून?’ उत्तर काहीही आलं तरी मनाने बंद करू नका, मनाने लांबवूही नका.

अंगावर पाजताना काय? सेफाझोलिन, सेफॅलेक्सिन, ॲमॉक्सिसिलिन ही औषधं चालू असताना दूध पाजायला हरकत नसते. बाळाला थोडं पातळ होऊ शकतं, तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. ती दिसली तर दाखवा. पण औषधाच्या भीतीने पाजणं बंद करून वरचं दूध सुरू करणं हा मोठा तोटा.

आणि गेल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या, जावेच्या उरलेल्या गोळ्या, फार्मसीवाल्याने ओळखीने दिलेल्या गोळ्या, हे सगळं बाद. पाकिटावर लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम ही २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत आणि त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वहीत ठेवावी लागते. उगाच नव्हे.

वॉर्डातले दिवस

इथे थोडक्यात. लघवीची नळी डॉक्टर म्हणतील तितक्या लवकर निघू द्या, राहू द्या म्हणून आग्रह नको. धरून का होईना, उठून चाला. हात धुतल्याशिवाय कुणी बाळाला किंवा जखमेला हात लावायचा नाही, मग ती सिस्टर असो की आजी. बाळ बघायला आलेल्यांना खुर्ची द्या. बाहेरचे कपडे घालून बाळंतिणीच्या खाटेवर टेकायला देऊ नका.

घरी: न्हाणी, तेल आणि पावसाळा

वरची पट्टी बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. त्यानंतर जखमेवरून साधं पाणी जायला हरकत नसते. साबणाचा फेस वरून वाहू द्या, चोळू नका, मग स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडी करा. टब, बादलीत बसणं, जोराचा फवारा नको. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, आणि काढायचे तर कोणत्या दिवशी, हे सोडतानाच विचारून कागदावर लिहून घ्या.

खरी परीक्षा बाळंतिणीच्या न्हाणीची. मालीश करायला येणारी बाई, वैजीण म्हणून आजही तिला मान देणारी घरं आहेत, आणि बाळंतिणीला बरं वाटावं हा तिचा हेतू खरा असतो. पाय, पाठ, खांदे चोळू द्या. पोट आणि जखमेचा भाग मात्र डॉक्टर सांगेपर्यंत वर्ज्य. पोटावर कढत पाण्याचे तांबे ओतू नयेत, शेगडीचा शेक आणि धुरी जखमेजवळ नको. जखमेवर हळद, खोबरेल, राख, पावडर, कसलाही पाला, काही लावायचं नाही. हळदीचे गुण दुधात राहू द्या. पोट बांधायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून स्वच्छ पट्टा वापरा, आणि घामाने भिजला की बदला. ओल्या पट्ट्याखाली जखम दिवसभर शिजते.

जून ते सप्टेंबरमध्ये बाळंतपण आलं तर आणखी एक भानगड: कपडे वाळत नाहीत. अर्धवट ओले आतले कपडे, चुलीवर धुरकटलेली फडकी, जुन्या लुगड्याच्या घड्या, यांतूनच खाज आणि बुरशी येते. इस्त्री फिरवा. ती कपडे कोरडे करते आणि गरम इस्त्रीने बरेचसे जंतूही मरतात. अंगावरून जातंय तोवर दुकानातले पॅड वापरा आणि चार-सहा तासांनी बदला. पोटाची वळी जखमेवर येत असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा आडवं पडून ती वर उचला, भाग टिपा, थोडा वारा लागू द्या. पंखा लावा, वाऱ्याने जखम पिकत नाही.

जेवणाबाबत घरोघरी पथ्याचं राज्य असतं. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी, ती असू दे. पण नुसत्या पेजेवर आणि मेथीच्या लाडवांवर जखम भरत नाही, तिला प्रथिनं लागतात. अंडी, डाळ, कडधान्य, दूध, आणि जे खातात त्यांनी नीट शिजवलेली ताजी मासळी. मासळीने टाके पिकतात हा समज आहे, दुसरं काही नाही. पाणीही भरपूर प्या; ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ म्हणणाऱ्यांना लघवीचा संसर्ग कसा होतो ते ठाऊक नसतं.

काय पाहायचं, कधी पळायचं

घरात थर्मामीटर हवा. हात लावून ताप ओळखण्यावर विसंबू नका. आणि एक बारकावा: सिझरनंतर दुखण्यासाठी दिलेली पॅरासिटामॉल ताप झाकते. म्हणून गोळी घेण्याआधी ताप मोजा, नंतर नव्हे. १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला की इस्पितळाला फोन. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा, लेप्टोचाही असू शकतो, पण तो निवाडा घरी करायचा नसतो.

गर्भाशयाचा संसर्ग साधारण पहिल्या काही दिवसांतच डोकं काढतो: ताप, ओटीपोट दाबलं की जास्त दुखणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. जखमेचा संसर्ग बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे घरी आल्यावर, बारशाच्या तयारीच्या गडबडीत दिसतो. त्यामुळेच तो उशिरा लक्षात येतो. जखमेच्या कडा लाल, गरम, टणक होतात, दुखणं कमी होत जाण्याऐवजी वाढतं, पू किंवा वास येतो, एखादा टाका उघडतो. बाईला स्वतःची जखम नीट दिसत नाही. नवऱ्याने किंवा आईने रोज एकाच जागी, एकाच उजेडात फोनवर फोटो काढावा. लाली पसरतेय की ओसरतेय हे दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं, आणि फोनवर डॉक्टरांना दाखवताही येतं. महिनाभर हे लक्ष ठेवायचं.

काही लक्षणांत फोनही करू नका, थेट १०८ बोलवा: थंडी वाजून हुडहुडी, श्वास लागणं, छाती धडधडणं, घेरी, बरळणं किंवा सुस्ती, लघवी जवळजवळ बंद, तासाभरात एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीला सूज आणि दुखणं. यातली सगळीच संसर्गाची नाहीत, पण एकही घरी थांबण्यासारखं नाही. रात्र आहे, पाऊस आहे, उद्या बघू, यात जीव जातात.

संसर्ग झालाच तर

लाज वाटून घेऊ नका, आणि कुणाला दोष देण्यात वेळ घालवू नका. सगळं नीट करूनही काही जणींना होतो. जखमेत पू साचला असेल तर नुसत्या गोळ्यांनी तो जात नाही. काही टाके उघडून पू काढावा लागतो आणि मग रोज पट्टी. दिसायला भयंकर वाटतं, पण आतून भरत आलेली जखम पुढे नीट बंद होते. औषध सुरू करण्याआधी पुवाचा नमुना तपासायला पाठवतात का ते विचारा. कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाला तो दबतो हे त्यातून कळतं, त्यामुळे एकामागून एक अँटिबायोटिक बदलत राहण्याची वेळ येत नाही. गर्भाशयाच्या संसर्गाला बहुधा दाखल होऊन शिरेतून औषध घ्यावं लागतं. ताप उतरून एक-दोन दिवस झाले की ते थांबवतात. बाळाला सोबत ठेवू देतात का, दूध काढून देता येईल का, हे दाखल होतानाच बोलून घ्या.

तपासणीचे, ऑपरेशनचे आणि घरी सोडल्याचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, पावसात भिजणार नाहीत असे ठेवा. कोणतं अँटिबायोटिक किती वाजता दिलं, काही अंगावर आलं का, पू तपासला असेल तर त्याचा निकाल काय, हे पुढच्या बाळंतपणाच्या वेळी भूलतज्ज्ञ पहिल्यांदा विचारतील.